स्पेक्ट्रोग्राफची भिंगं, आरसे आणि ग्रेटिंग: ड्रॉइंगवरचे आकडे येतात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट नोंदवणारा स्पेक्ट्रोग्राफ बनवायचाय. २ मीटर व्यासाची एफ/८ दुर्बीण (नाभीय अंतर व्यासाच्या ८ पट), ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा, विभेदनक्षमता (तरंगलांबी भागिले वेगळा ओळखू येणारा सर्वांत छोटा फरक) सुमारे ८०००, आणि १५ मायक्रॉन पिक्सेलचा ४०९६ बाय ४०९६ सीसीडी डिटेक्टर. झीमॅक्स या ऑप्टिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पॉट (एका बिंदूच्या प्रकाशाचे डिटेक्टरवर पडणारे ठिपके) छान दिसतायत. आता कोलिमेटर (फाकत येणारा प्रकाश समांतर शलाकेत आणणारा आरसा), ग्रेटिंग (बारीक रेषांनी रंग वेगळे करणारा भाग) आणि कॅमेऱ्याची भिंगं यांच्या ड्रॉइंगवर कोणते टॉलरन्स, म्हणजे चुकीच्या मर्यादा, लिहून ऑर्डर द्यायची?

डिटेक्टरवर स्लिटची, म्हणजे दुर्बिणीच्या फोकसवरच्या अरुंद फटीची, प्रतिमा किती रुंद पडते, त्यावरून ड्रॉइंगवरचा जवळजवळ प्रत्येक आकडा ठरतो. सवयीने सगळीकडे ‘तरंगलांबीचा दहावा भाग’ लिहिलं की ज्या पृष्ठभागाला त्याची गरज नाही तो विनाकारण महाग होतो, आणि ज्याला खरंच काटेकोरपणा हवा त्याला तो आकडा पुरत नाही. म्हणून आधी हातानं करायचं गणित.

१ आर्कसेकंद म्हणजे ४.८५ मायक्रोरेडियन. दुर्बिणीचं नाभीय अंतर १६ मीटर, म्हणून १ आर्कसेकंदाची स्लिट ७७.६ मायक्रॉन रुंद. ग्रेटिंग लिट्रो स्थितीच्या (प्रकाश येण्याचा आणि विवर्तित होऊन जाण्याचा कोन सारखा) आसपास वापरलं तर विभेदनक्षमता = २ × शलाकेचा व्यास × ग्रेटिंगच्या कोनाचा टॅन्जंट ÷ (दुर्बिणीचा व्यास × स्लिटची कोनीय रुंदी). शलाका १०० मिलिमीटरची आणि ग्रेटिंग मिलिमीटरला १२०० रेषांचं धरा. ६०० नॅनोमीटरला कोन २१.१ अंश येतो आणि विभेदनक्षमता ७९६० च्या आसपास. म्हणजे १०० मिलिमीटरची शलाका तुम्हाला पुरते. हेच उपकरण १० मीटरच्या दुर्बिणीला लावलं तर आकडा १६०० वर घसरतो. व्हीएलटी या चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवरच्या यूव्हीईएस या स्पेक्ट्रोग्राफमध्ये २०० मिलिमीटरची शलाका आणि प्रचंड तिरक्या कोनातलं एशेल (विरळ रेषांचं) ग्रेटिंग का लागलं, ते या एका सूत्रातून कळतं.

स्लिटची प्रतिमा किमान अडीच पिक्सेलवर, म्हणजे ३७.५ मायक्रॉनवर पसरायला हवी. म्हणून कॅमेऱ्याचं नाभीय अंतर ३८७ मिलिमीटर, एफ/३.९. कोलिमेटरचं ८०० मिलिमीटर. आता विस्तार, म्हणजे रंग किती फाकतात ते, बघा: डिटेक्टरवर १ मिलिमीटरला २ नॅनोमीटर पडतात, आणि डिटेक्टर ६१.४ मिलिमीटरचा आहे. एका वेळी फक्त १२३ नॅनोमीटर मावतात! ४०० ते ७०० हा अख्खा पट्टा ८००० विभेदनक्षमतेनं एका ओळीत मांडायचा तर ११,००० पिक्सेलच्या वर लागतात. तेव्हा एकतर एशेल आणि आडवा विस्तारक (एशेलचे एकमेकांवर पडणारे पट्टे वेगळे करणारा) घ्या, नाहीतर तीन ग्रेटिंग ठेवून कॅमेरा स्थिर कोनात बांधा. माझं मत दुसऱ्या पर्यायाला. निळ्या, हिरव्या आणि तांबड्या भागासाठी कोन तोच ठेवून फक्त रेषांची घनता बदलता येते (४५० नॅनोमीटरला १६०० रेषा), त्यामुळे एकही फिरता सांधा न ठेवता तिन्ही पट्टे मिळतात.

यानंतर अस्पष्टतेचं बजेट. इथे बहुतेकांची एक गफलत होते: स्पॉटचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं मूळ) आकडा ते थेट स्लिटच्या रुंदीशी ताडून बघतात. आयताकृती स्लिटचं प्रमाण विचलन म्हणजे रुंदी भागिले १२ चं वर्गमूळ, ३७.५ मायक्रॉनसाठी १०.८. डिझाइनमधला स्पॉट ५ मायक्रॉन आरएमएस त्रिज्येचा, निर्मितीचे ५, जुळणीचे ५, तापमानाचे ३ असे धरले तर वर्गांच्या बेरजेचं मूळ ९.२ येतं. हा आकडा दोन दिशांचा आहे, एका दिशेला ६.५. तो १०.८ मध्ये वर्गानं मिळवला की १२.६. रेषा सुमारे १६ टक्के रुंदावली आणि ७९६० चे ६८०० च्या आसपास उरले. झीमॅक्समध्ये स्पॉट छान दिसतायत याचा अर्थ चारांपैकी एकच खाना भरलाय. उरलेले तीन भरा आणि ८००० ही खरी गरज असेल तर शलाका आत्ताच ११५ ते १२० मिलिमीटरची करा. भिंगं आल्यावर ती वाढवता येत नाही.

शलाकेच्या व्यासात आणखी एक गोष्ट धरायची असते: स्लिटच्या कडांवर होणारं विवर्तन. ७७.६ मायक्रॉनच्या फटीतून ६०० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे ०.००८ रेडियन फाकतो. ८०० मिलिमीटरवर तो ६ मिलिमीटर होतो. शिवाय लांब स्लिटच्या टोकांचा प्रकाश ग्रेटिंगवर थोडा सरकून पडतो. कोलिमेटर आणि ग्रेटिंगचा वापरायचा भाग शलाकेपेक्षा १५ ते २० टक्के मोठा ठेवा. कॅमेऱ्याचं पहिलं भिंग तर याहून बरंच मोठं लागतं. ग्रेटिंग त्याच्यापासून ३५० मिलिमीटर मागे आणि डिटेक्टरच्या कोपऱ्यापर्यंतचा कोन ६.४ अंश असेल तर १०० मिलिमीटरची शलाका त्या भिंगावर १७८ मिलिमीटर जागा व्यापते. ग्रेटिंग कॅमेऱ्याच्या जवळ आणता आलं तर भिंगांचं वजन झपाट्यानं उतरतं. यांत्रिक आराखडा करणाऱ्याबरोबर या मिलिमीटरांसाठी जरूर भांडा.

आता पृष्ठभागांच्या अचूकतेकडे. ‘शिखर ते दरी अमुक नॅनोमीटर’ हा आकडा एकटा असेल तर स्पेक्ट्रोग्राफसाठी तो फारसं काही सांगत नाही, कारण इथे उतार महत्त्वाचा. समजा तरंगाग्रात, म्हणजे प्रकाशलहरीच्या पुढच्या पृष्ठभागात, ३०० नॅनोमीटरची चूक आहे आणि ती १०० मिलिमीटरच्या शलाकेवर अर्ध्या लाटेसारखी हळुवार पसरलीय. तिचा कमाल उतार ३८७ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं डिटेक्टरवर १.८ मायक्रॉनचं विचलन देतो, दुर्लक्ष करण्यासारखं. तेच ३०० नॅनोमीटर दर २५ मिलिमीटरला एक अशा लाटांमध्ये असतील तर विचलन १४.६ मायक्रॉन, म्हणजे जवळपास एक अख्खा पिक्सेल! दोन्ही भाग तपासणीच्या कागदावर सारखेच ‘पास’ होतील. अशा मधल्या पल्ल्याच्या लाटा प्रामुख्यानं अगोलीय पृष्ठभागांवर आणि ऑफ-अ‍ॅक्सिस पॅराबोलावर (पॅराबोला आरशाच्या अक्षाबाहेरच्या तुकड्यावर) सापडतात, कारण तिथे पॉलिशिंग छोट्या टूलनं होतं आणि टूलचा माग राहतो. म्हणून ड्रॉइंगवर उताराची मर्यादा स्वतंत्र लिहा. तुमच्या कोलिमेटरसाठी पृष्ठभागाचा उतार ३ मायक्रोरेडियन आरएमएस, ५ ते ५० मिलिमीटरच्या पल्ल्यात, असं मागा. आरशात ही चूक दुप्पट होते आणि ३८७ मिलिमीटरनं गुणल्यावर २.३ मायक्रॉन होतात. बजेटमध्ये आरामात बसतात.

आरसा आणि भिंग यांना एकच मोजपट्टी लावू नका. आरशाची चूक दुपटीनं तरंगाग्रात उतरते. भिंगाच्या एका पृष्ठभागाची वक्रीभवनांक वजा एक, म्हणजे साधारण निम्म्यानं. त्यामुळे त्याच परिणामासाठी आरसा भिंगापेक्षा चौपट काटेकोर लागतो. खडबडीतपणात तर फरक सोळापट आहे: २ नॅनोमीटर आरएमएसचा आरसा ४०० नॅनोमीटरला ०.४ टक्के प्रकाश विखुरतो, तेवढ्याच खडबडीत भिंगाचा पृष्ठभाग ०.०२५ टक्के. आरशाला १ ते १.५ नॅनोमीटर मागा, भिंगांना २ पुरे.

कॅमेऱ्याच्या शेवटच्या भिंगाचं, म्हणजे प्रतिमेचा वक्र पृष्ठभाग सपाट करणाऱ्या फील्ड फ्लॅटनरचं, गणित नेमकं उलटं आहे. डिटेक्टरपासून १० मिलिमीटरवर एका बिंदूकडे जाणाऱ्या शलाकेची रुंदी फक्त २.६ मिलिमीटर उरते, म्हणून तिथे आकाराची अचूकता ढिली चालते; पण ‘डिग ४०’ म्हणजे ०.४ मिलिमीटरचा खड्डा त्या बिंदूचा २.४ टक्के प्रकाश अडवतो. कोलिमेटरवर तोच खड्डा शोधूनही सापडणार नाही. फील्ड फ्लॅटनरला स्क्रॅच-डिग (ओरखडे आणि खड्डे यांची मर्यादा) २०-१० किंवा त्याहून चांगलं, बाकीच्या भिंगांना ६०-४०. सगळीकडे २०-१० मागणारे लोक पैसे घालवतात.

काचेबद्दल जरा सविस्तर, कारण वेळापत्रक इथेच कोलमडतं. ४०० नॅनोमीटरपर्यंत जायचं तर बऱ्याच जड फ्लिंट काचा बाद होतात. त्या निळा प्रकाश शोषतात. रंगदोष आटोक्यात ठेवायला कॅल्शियम फ्लोराइड किंवा एस-एफपीएल५१, एस-एफपीएल५३ या जातीच्या काचा लागतात, आणि जोडीला निळ्यात पारदर्शक राहणारी दुसरी काच. कॅटलॉगमध्ये दिलेला वक्रीभवनांक हा सरासरी असतो; सामान्य प्रतीच्या ओतकामात तो ०.०००५ नं इकडे-तिकडे सरकतो. सरकलेला फोकस हवेच्या अंतरांनी सावरता येतो, पण अ‍ॅबे अंकातल्या (काच रंग किती फाकवते त्याच्या मापातल्या) फरकानं उरलेला रंगदोष तसा सावरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: काचेची निवड गोठवा, ब्लँक (न घासलेल्या काचेच्या चकत्या) विकत घ्या, त्यासोबत त्याच ओतकामाची मोजणी असलेली मेल्ट शीट मागा, आणि त्या खऱ्या आकड्यांवर वक्रता पुन्हा ऑप्टिमाइझ करा. त्या वक्रता भिंगं बनवणाऱ्याकडे असलेल्या टेस्ट प्लेटना (वक्रता ताडून बघायच्या प्रमाण काचांना) जुळवा. नंतर भिंगं तयार झाल्यावर मोजलेल्या जाडी आणि त्रिज्या घालून फक्त हवेची अंतरं शेवटची एकदा जुळवा आणि त्यानंतरच स्पेसर (भिंगांमधलं अंतर ठरवणारी कडी) कापायला द्या. स्पेसर आधी कापून ठेवणं ही हमखास होणारी आणि सहज टळणारी चूक.

एकजिनसीपणा कुठे लागतो तेही मोजून ठरवा. ३० मिलिमीटर जाडीच्या भिंगात वक्रीभवनांक ०.००००१ नं बदलत असेल तर तरंगाग्र ३०० नॅनोमीटरनं बिघडतं; पॉलिशिंग कितीही उत्तम असो. पुढच्या मोठ्या, जाड भिंगांना फरक ०.०००००२ च्या आत मागा, म्हणजे ६० नॅनोमीटर. डिटेक्टरजवळच्या भिंगांना ०.००००१ ची प्रतही चालते.

कॅल्शियम फ्लोराइड गुणी आहे पण नाजूक. त्याचा प्रसरणांक अंशाला १८.९ दशलक्षांश, फ्युज्ड सिलिकाचा ०.५५. १५० मिलिमीटर व्यासाची ही दोन भिंगं २० अंशांना कडक गोंदानं चिकटवली आणि वेधशाळेत ५ अंशांवर नेली तर व्यासांत ४१ मायक्रॉनचा फरक पडतो. जोड सुटतो किंवा स्फटिक तडकतो. अशा जोड्यांमध्ये ऑप्टिकल जेल किंवा द्रवाचा थर ठेवतात, आणि तो द्रव भोवतालच्या सीलशी रासायनिकदृष्ट्या जुळतो की नाही हे आधी तपासावं लागतं. आणखी एक: कोटिंगसाठी कॅल्शियम फ्लोराइड तापवताना आणि थंड करताना वेग अगदी मंद हवा. शक्य असेल तर कमी तापमानात, आयनच्या साहाय्यानं बसणारं कोटिंग निवडा.

भिंग सेलमध्ये (त्याला धरणाऱ्या धातूच्या कड्यात) बसवण्याचा सोपा आणि भरवशाचा मार्ग म्हणजे सिलिकोन रबर. त्याची जाडी अशी काढतात: भिंगाची त्रिज्या × (सेलचा प्रसरणांक − भिंगाचा) ÷ (रबराचा − सेलचा). रबराचा अंशाला २०० दशलक्षांश धरला तर १५० मिलिमीटरचं कॅल्शियम फ्लोराइड अ‍ॅल्युमिनियमच्या सेलमध्ये १.७ मिलिमीटर थरावर बसतं. फ्युज्ड सिलिका अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवू गेलात तर ९.५ मिलिमीटर जाडी येते, आणि एवढ्या जाड रबरावर भिंग आपल्या वजनानं खाली सरकतं. तिथे टायटॅनियमचा सेल घ्या, ३.२ मिलिमीटरवर काम होतं. सूत्राला एक मर्यादा आहे. रबर जवळजवळ असंकोचनीय असतं, त्यामुळे सलग कडं ओतलं की ते बाजूनं फुगू शकत नाही आणि सगळं प्रसरण त्रिज्येच्या दिशेनं ढकलतं. परिघावर सुटे पॅड टाका, आणि जाडी सूत्राच्या आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवून मर्यादित-घटक विश्लेषणानं खात्री करा. तिरपेपणा आणि मध्यापासूनचं विचलन यांच्या मर्यादा तुमच्या कॅमेऱ्यासाठी साधारण २५ ते ५० मायक्रॉन येतील. पण प्रत्येक भिंग सारखं संवेदनशील नसतं. संवेदनशीलतेच्या तक्त्यात वर आलेली दोन-तीन भिंगं फिरत्या टेबलावर धावणी (फिरताना भिंग किती हलतं ते) मोजत बसवा. उरलेली सेलच्या यंत्रकामावर सोडता येतात.

तापमानाचा हिशेब भिंगांइतकाच बेंचचाही (सगळे भाग ज्यावर बसतात त्या चौकटीचाही) करा. ३८७ मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम १५ अंशांनी थंड झालं की ०.१३ मिलिमीटर आखडतं, एफ/३.९ ला ही ३४ मायक्रॉनची अस्पष्टता, दोन पिक्सेलहून जास्त. तापमान वाढताना कॅल्शियम फ्लोराइडचा वक्रीभवनांक अंशाला सुमारे ०.००००१ नं घटतो आणि फ्युज्ड सिलिकाचा साधारण तेवढाच वाढतो, त्यामुळे भिंगांच्या निवडीतूनच बराचसा तोल साधता येतो. झीमॅक्समध्ये ०, १० आणि २० अंशांची तीन कॉन्फिगरेशन ठेवूनच ऑप्टिमाइझ करा, आणि उरलेल्या फरकासाठी एका भिंगगटाला फोकसची मोटर द्या.

ग्रेटिंग म्हणून व्हीपीएच (जिलेटिनच्या थरात होलोग्राफीनं नोंदलेल्या पट्ट्यांचं ग्रेटिंग) योग्य. सर्वोच्च कार्यक्षमतेसाठी जिलेटिनची जाडी गुणिले वक्रीभवनांकातला चढउतार हा गुणाकार अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास ठेवतात: ६०० नॅनोमीटरला ५ मायक्रॉन जाडी आणि ०.०६ चढउतार. थर पातळ केला की कार्यक्षमतेचा डोंगर रुंद होतो, पण चढउतार वाढवावा लागतो आणि प्रक्रिया अवघड होते. ऑर्डरमध्ये फक्त मधल्या तरंगलांबीची कार्यक्षमता लिहू नका. पट्ट्याच्या दोन्ही टोकांचा किमान आकडा, दोन्ही ध्रुवणांच्या सरासरीनं, लिहून घ्या. रेषांच्या घनतेत अर्धा टक्का फरक झाला तर तुमचा मध्य ३ नॅनोमीटरनं सरकतो, म्हणून लगतच्या पट्ट्यांत त्याहून जास्त सामाईक भाग ठेवा. आरपार जाणाऱ्या तरंगाग्राची चूकही मागा, फोकसचा भाग वगळून. फोकस सावरता येतो, काचांमधल्या गोंदाच्या ताणातून येणारा अ‍ॅस्टिग्मॅटिझम (दोन दिशांचे फोकस वेगळे पडणं) सावरता येत नाही. जिलेटिन ओलावा सोसत नाही, तेव्हा कडेला १० मिलिमीटरचा रिकामा पट्टा आणि पक्कं सील हवंच.

व्हीपीएचचा नेमका धोका म्हणजे लिट्रो घोस्ट. डिटेक्टरवरून परतलेला प्रकाश कॅमेऱ्यातून मागे जाऊन ग्रेटिंगवर परावर्तित होतो, सगळे रंग पुन्हा एकत्र येतात आणि वर्णपटाच्या मधोमध एक पांढरा ठिपका उमटतो. लिट्रो स्थितीत तो बरोबर उपयोगाच्या जागी पडतो. जिलेटिनमधल्या पट्ट्या काही अंश तिरप्या करून घेतल्या की तो डिटेक्टरबाहेर जातो. हे ग्रेटिंग बनवण्याआधीच ठरवावं लागतं, म्हणून झीमॅक्सच्या नॉन-सिक्वेन्शियल मोडमध्ये (जिथे किरण भागांवर कुठल्याही क्रमानं पडू शकतात) घोस्टचा माग ऑर्डरपूर्वी काढा.

कोटिंगचा गुणाकार निर्दय असतो. आठ भिंगं म्हणजे सोळा पृष्ठभाग: कोटिंग नसेल तर ५२ टक्के प्रकाश पोचतो, पृष्ठभागी दीड टक्का परावर्तनाला ७९, अर्ध्या टक्क्याला ९२. कोलिमेटरला संरक्षित चांदी ४५० नॅनोमीटरच्या वर उत्तम, ४०० जवळ ती मावळते. तुमच्या पट्ट्यासाठी निळ्यात सुधारलेली चांदी आणि तिचा मोजलेला आलेख मागा.

फील्ड फ्लॅटनर हाच सीसीडीच्या निर्वात पेटीची खिडकी असेल तर ताण तपासा. कडेवर टेकलेल्या फ्युज्ड सिलिकाच्या चकतीत कमाल ताण = १.१९ × वातावरणाचा दाब × (त्रिज्या ÷ जाडी) चा वर्ग. ५० मिलिमीटर त्रिज्या आणि ८ मिलिमीटर जाडीला ४.७ मेगापास्कल येतो. ७ ची मर्यादा धरतात, म्हणजे ठीक. भिंग मध्ये पातळ असेल तर सर्वांत पातळ जाडी घाला. आणि बाहेरून कोरड्या नायट्रोजनचा हलका झोत ठेवा, कारण थंड डिटेक्टरसमोर खिडकीचा मध्य गार पडून दव धरतो.

जो भाग मोजण्याची पद्धत ठरलेली नाही, तो मागवू नका. ऑफ-अ‍ॅक्सिस पॅराबोला सपाट आरशासमोर ऑटोकोलिमेशनमध्ये तपासता येतो; पण मुक्त आकाराच्या अगोलीय भिंगाला नल ऑप्टिक्स (अपेक्षित आकाराचा परिणाम रद्द करणारी तपासणीची भिंगं) लागतं आणि त्या नलचीच चूक भिंगात कोरली जाते. हबलच्या मुख्य आरशाचं हेच झालं: नल करेक्टरमधलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर होतं, आरसा त्या चुकीशी तंतोतंत जुळवून घासला गेला, आणि १९९० मध्ये दुर्बीण वर गेल्यावर ते कळलं. वेगळ्या तत्त्वावरची एक साधी दुसरी तपासणी करारातच लिहा. कच्चा इंटरफेरोग्राम (पृष्ठभाग मोजताना घेतलेली व्यतिकरणाच्या पट्ट्यांची नोंद) डेटा फाइल म्हणून मागा; रंगीत चित्रावरून उतार काढता येत नाही.

जुळणीच्या वेळी फोकससाठी हार्टमन मास्क वापरा. थोरियम-आर्गॉन दिव्याची दोन चित्रं घ्या, एकदा शलाकेचा डावा अर्धा झाकून, एकदा उजवा. एफ/३.९ ला ०.०५ मिलिमीटर डीफोकस असेल तर रेषा ५.५ मायक्रॉन, म्हणजे ०.३७ पिक्सेल सरकते, आणि ०.०५ पिक्सेल सहज मोजता येतो. डिटेक्टरच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यात ही सरक नोंदवा: पाचही ठिकाणी सारखी असेल तर फोकस चुकलाय, एका बाजूकडून दुसरीकडे वाढत जात असेल तर डिटेक्टर तिरपा आहे, आणि मध्य व कोपरे उलट दिशांना सरकत असतील तर फील्ड फ्लॅटनरचं अंतर चुकलंय, तेव्हा त्याचा स्पेसर पुन्हा कापा.